डिकीतला ढुमढुम : पेणचा हात, रोह्याचा रंग

पेणहून गोव्याच्या दिशेनं निघालं की वडखळ, डोलवी, नागोठणं आणि मग आत वळून रोहा. रस्त्याची मर्जी असेल तर तासाभराचं अंतर. मुंबई-गोवा महामार्गाची मर्जी कधी असते हे मात्र रायगडकराला विचारू नये. चहा थंड होईल, उत्तर संपणार नाही.

गाडीच्या डिकीच्या कोपऱ्यात चपखल बसणारा, हातानं घडवलेला फायबरग्लासचा स्पीकर बॉक्स करायचा म्हटला, तर लागणारं बरंचसं सामान रायगड जिल्ह्यातच बनतं. डोलवीला जेएसडब्ल्यूचा पोलाद कारखाना आहे, तिथून पत्र्याची गुंडाळी निघते, वूफरची चौकट घडते तसल्याच पत्र्याची. नागोठण्याला पूर्वीच्या आयपीसीएलचं आणि आताच्या रिलायन्सचं पेट्रोकेमिकल संकुल आहे. तिथं पॉलिप्रॉपिलिनचा दाणा बनतो, आणि आजच्या कितीतरी वूफरचे, म्हणजे बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचे, कोन (थरथरणारे शंकू) पॉलिप्रॉपिलिनचेच असतात. रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत सुदर्शन केमिकल रंगद्रव्यं बनवते. ती पेंटमध्ये जातात, शाईत जातात, प्लॅस्टिकमध्येही जातात. फायबरग्लासमधली ‘ग्लास’ म्हणजे काचेचा तंतू, त्याचा कारखाना ओवेन्स कॉर्निंगनं तळोज्याला उभारला. तळोजाही रायगडातच.

राहिला प्रश्न हाताचा. साचा, थर, घासाई आणि रंग ही कामं गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या पेणला कुणी शिकवायची गरज नाही.

काचेचा झगा, बसायची सोय नाही

काचेचे धागे काढून कापड विणायची हौस जुनी आहे. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात एडवर्ड लिबी या काच-कारखानदारानं काचतंतू आणि रेशीम एकत्र विणलेला झगा मांडला. जॉर्जिया केव्हन या अभिनेत्रीसाठी तो केला होता. दिसायला झकास, पण घडी घालायची नाही आणि अंगात घालून बसायचंही नाही, कारण धागे वाकले की तुटायचे. त्याच वर्षी त्याच शहरात विवेकानंदांचं भाषण गाजलं, आणि इकडे पुण्यात टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला. म्हणजे काचेचं कापड आणि मंडपातला गणपती एकाच साली लोकांसमोर आले म्हणायचे. तेव्हा दोघांची ओळख नव्हती.

पुढची उडी अपघातानं पडली. १९३२ मध्ये अमेरिकेत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेचे ठोकळे एकमेकांना जोडायच्या खटपटीत होता. वितळलेल्या काचेवर दाबाच्या हवेचा झोत बसला आणि काचेचा बारीक कापूस उडाला. ठोकळे बाजूला राहिले, कापसाचा धंदा झाला. १९३८ मध्ये त्यातून ओवेन्स कॉर्निंग ही कंपनी उभी राहिली, तीच पुढे तळोज्याला आली.

काचेसारख्या ठिसूळ वस्तूला ताकद कुठून येते? हे कोडं ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश इंजिनिअरनं १९२१ मध्येच सोडवलं होतं. काच फुटते ती तिच्यातल्या सूक्ष्म चिरांमुळे. धागा जितका बारीक, तितकी मोठ्या चिरेला त्यात जागा कमी, म्हणून धागा ताणायला जबर. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर फायबरग्लासच्या चटईसारख्या मॅटमधला काचतंतू १० ते १५ मायक्रॉनचा असतो. एवढा बारीक असल्यामुळेच तो कातडीत शिरतो आणि काम झाल्यावर रात्रभर खाजवत ठेवतो. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला. मास्क आणि चष्मा तर हवाच.

काथ्याची बहीण

पेण आणि आजूबाजूच्या हमरापूर, जोहे, कळवे या गावांतल्या गणपतीच्या कारखान्यांत डोकावलं तर एका कोपऱ्यात काथ्याचा ढीग दिसतो. नारळाच्या सोडणाचा साधा काथ्या. प्लास्टर ऑफ पॅरिस नुसतं ओतलं तर टिचकीसरशी टवका उडतो. त्यात काथ्या बसवला की तीच मूर्ती आतून पोकळ, पातळ आणि हलकी असूनही ट्रकमधून मुंबई, पुणे, नाशिक गाठते आणि सोंडही शाबूत राहते. प्लास्टर दाब सोसतं, काथ्या ताण सोसतो.

फायबरग्लासमध्ये डोकं हेच चालतं. प्लास्टरच्या जागी पॉलिस्टर रेझिन, काथ्याच्या जागी काचेची मॅट. रेझिन एकटं ठिसूळ, मॅट एकटी लुळी. दोघं एकत्र आले की त्यांची बोट होते, पाण्याची टाकी होते, बसस्टॉपचं छप्पर होतं. करंजा-रेवदंड्याच्या बाजूला फायबरच्या होड्या तर आता किनाऱ्यावर रोजच्याच झाल्या आहेत. मूर्तिकाराची पद्धतही तीच: आधी मातीचं मूळ, त्यावरून साचा, साच्यात थर, मग जोड, घासाई, रंग. शेवटची डोळ्यांची आखणी तेवढी स्पीकर बॉक्सला लागत नाही.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या (पीओपी) मूर्तींना मनाई करणाऱ्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या नियमावलीपासून पेणची बरीच धावपळ झाली. त्या वादात इथं शिरायचं नाही. पण वक्र पृष्ठभागावर नुसता तळहात फिरवून खळगा कुठं आहे हे सांगणारा हात पेणमध्ये घरटी सापडतो, आणि गाडीच्या सजावटीचं काम करणाऱ्यांनी तिकडं फारसं पाहिलेलं नाही, हे माझं मत.

फायबरच्या गाड्या

मोठं नाव कमावलेली फायबरच्या अंगाची पहिली गाडी म्हणजे शेव्हरोलेची कॉर्व्हेट. ३० जून १९५३ ला ती मिशिगनमधल्या फ्लिंट इथं तयार झाली आणि त्या वर्षी जेमतेम ३०० गाड्या बनल्या, त्याही हातानं. आपल्याकडे १९८२ मध्ये बंगळूरची सिपानी डॉल्फिन आली, तीही फायबरची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यातून सॅन स्टॉर्म नावाची दोन दारांची, उघड्या टपाची फायबरची गाडी निघाली. रस्त्यावर दिसली तर फोटो काढून ठेवा, पुन्हा दिसेल याची खात्री नाही.

वूफरला डब्बा लागतोच का?

लागतो. वूफर हातात धरून वाजवून बघा. आवाज येतो, बेस येत नाही. कोन पुढं सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. दोन्ही लाटा कडेनं फिरून एकमेकींना खाऊन टाकतात. मागची लाट कोंडून ठेवायची, एवढंच डब्याचं मूळ काम. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये आजच्या जातीचा स्पीकर जगापुढं ठेवला, तेव्हाच ही कटकट त्यांना माहीत होती.

मागची लाट फुकट घालवायची नाही, तिला नळीतून बाहेर काढून कामाला लावायचं, ही युक्ती अल्बर्ट थुरस यांची. १९३२ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. स्पीकर बॉक्सला दिसणारं ते गोल भोक म्हणजे ही नळी. उलट डब्बा पूर्ण हवाबंद करून आतली हवाच स्प्रिंगसारखी वापरायची, ही युक्ती एडगर विलचर यांची, १९५४ ची. आणि ‘अमुक वूफरला तमुक लिटरचा डब्बा’ हे आधीच गणितानं काढायची सोय नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरनं १९६१ मध्ये केली. त्याच्या लेखाकडं जगानं दहा वर्षं ढुंकून पाहिलं नाही. पुढं रिचर्ड स्मॉल यांनी ते काम वाढवलं, आणि आज वूफरच्या खोक्यातल्या कागदावर जे आकडे छापलेले असतात त्यांना थील-स्मॉल आकडेच म्हणतात. तो कागद फेकू नका. सगळ्या कामात मोलाची वस्तू कुठली असेल तर तो कागद.

गाडीला एक बक्षीस फुकट मिळतं. ४० हर्ट्झची लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते आणि छोटी गाडी साडेतीन मीटरची. लाट गाडीत मावतच नाही. त्यामुळे खालच्या सुरांना स्पीकर आतल्या सगळ्या हवेचा दाबच कमी-जास्त करतो आणि बेस आपोआप फुगतो. घरातल्या दिवाणखान्यात जे वूफर मिळमिळीत वाटतं, तेच गाडीत छातीवर येतं. महामार्गावर मागची एकच काच उघडली की कानात धडधड सुरू होते ना, तोही हवेच्या अशाच हिंदकळण्याचा खेळ.

आता कामाला

चौकोनी जागा भरपूर असेल तर एमडीएफचा साधा डब्बा करा. स्वस्त पडतो आणि वाजायलाही कमी नाही. फायबरनं आवाजात जादू होत नाही. भिंत थरथरत नसेल तर आवाज ठरतो तो डब्याच्या आतल्या हवेवर. फायबरची खरी गरज लागते ती सीएनजीच्या गाडीत. टाकी डिकी व्यापून बसलेली असते आणि उरतो तो चाकावरच्या फुगवट्यामागचा वाकडातिकडा कोनाडा. तिथं सुताराचा गुण्या चालत नाही.

कोनाड्याला आधी मास्किंग टेपचे दोन थर, वर अॅल्युमिनियमची फॉइल, फॉइलला मेणाचा हात. हे टाळलं तर बॉक्स आणि गाडी कायमची एक होतात. मग मॅटचे तुकडे फाडायचे. कापायचे नाहीत, फाडायचे, कारण फाडलेली कड शेजारच्या तुकड्यात मिसळून जाते. रेझिन ब्रशनं थोपटत चढवायचं.

इथं जरा थांबून बघण्यासारखं आहे. कोरडी मॅट पांढरीशुभ्र आणि आडमुठी असते, वळणावर बसायचं नाव घेत नाही. मॅटमधले धागे एका चिकटद्रव्यानं धरलेले असतात, आणि रेझिनमधलं स्टायरीन ते द्रव्य विरघळवतं. मिनिटाभरात मॅट अंग टाकते, वळणावर लोळते आणि पारदर्शक होते, इतकी की खालच्या फॉइलची सुरकुती दिसावी. जिथं पांढरा ठिपका राहिला तिथं हवा अडकली आहे. रोलरनं किंवा ब्रशच्या टोकानं ती हाकलायची. एका वेळी दोन-तीन थर, मग विश्रांती. भिंत पाच-सहा मिलिमीटरची होईतो हेच.

कवच सुटं झालं की पुढचा भाग. वूफरच्या मापाची एमडीएफची रिंग कापून हव्या त्या कोनात काड्यांवर उभी करायची आणि रिंगपासून कवचाच्या कडेपर्यंत ताणून कापड चढवायचं. फ्लीसचं कापड उत्तम, जुना होजिअरीचा टी-शर्टही चालतो. ताणलेलं कापड दोन कडांमधली वळणं स्वतःच शोधतं. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिक स्टेडियमचं तंबूसारखं छत आखताना फ्राय ओटो यांनी साबणाच्या फुग्यांच्या आणि ताणलेल्या कापडाच्या नमुन्यांवरच भिस्त ठेवली होती. डिकीत तीच भूमिती टी-शर्टवर भागते. कापडाला रेझिन पाजलं की ते कडक होतं. आतून मॅटचे थर, बाहेरून पुट्टी, मग पॉलिश पेपर: ८० नंबर, १२०, २२०, ४००. कामाचा निम्मा वेळ या कागदांत जातो. पेणकराला याचं नवल वाटायचं नाही.

गुलाबी-जांभळी बाटली

रेझिन आपणहून घट्ट होत नाही. त्यात हार्डनर घालावा लागतो, एमईकेपी नावाचा, साधारण शंभराला एक ते दोन या प्रमाणात. रेझिनमध्ये वेग वाढवणारं द्रव्य आधीच घातलेलं नसेल तर दुकानदार त्यासाठी जांभळट रंगाचं कोबाल्टही देतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं, नंतरच हार्डनर. ही दोन द्रव्यं एकमेकांत थेट कधीच मिसळायची नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. या परिच्छेदात विनोद नाही.

मेच्या उन्हाळ्यात तेवढ्याच हार्डनरनं रेझिन दहा मिनिटांत दही होतं, आणि उरलेलं डब्यात तसंच ठेवलं तर तापून धुरावतं. म्हणून एका वेळी थोडंच कालवायचं. पावसात उलटं दुखणं. मॅट दमट होते, थर दुधाळ दिसतो, वरचा पापुद्रा चिकट राहतो. चिकटपणाचं आणखी एक कारण म्हणजे हवेतला ऑक्सिजनच पॉलिस्टरचा वरचा थर नीट धरू देत नाही. त्यासाठी शेवटच्या हातात मेण घातलेलं रेझिन वापरतात.

थर्माकोल : गायब!

आकार थर्माकोलचा करून त्यावर पॉलिस्टर रेझिन ओतलं तर थर्माकोल डोळ्यांदेखत नाहीसं होतं. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि स्टायरीन त्याचं सख्खं भावंड, त्यातच ते विरघळतं. महाराष्ट्रात २०१८ च्या बंदीनं मखरातून थर्माकोल हटवलं, रेझिन ते काम दोन मिनिटांत करतं. आकार थर्माकोलचाच हवा असेल तर वर फॉइल-टेप गच्च चढवा, नाहीतर इपॉक्सी घ्या. इपॉक्सी महाग, पण थर्माकोलला हात लावत नाही.

लिटर मोजा, पोह्यांनी नको

वेड्यावाकड्या डब्यात हवा किती, हे पट्टीनं मोजता येत नाही. डब्बा दाण्यांनी भरायचा आणि ते दाणे बादलीनं मोजायचे, ही जगभरची रीत. १२ इंची वूफरला बंद डब्ब्यात साधारण एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर लागतात. नक्की आकडा तुमच्या कागदावर. पेणचे पोहे प्रसिद्ध, म्हणून त्यांनी मोजायचा मोह होईल, पण पोहे हलवले की दबतात आणि हिशेब चुकतो. तांदूळ बरे, पण २८ लिटर तांदूळ म्हणजे वीसेक किलो, कच्चं कवच त्या वजनानं फुगेल. थर्माकोलच्या गोळ्या सर्वांत सोप्या, फक्त रेझिन पूर्ण सुकलेलं हवं. कारण वर सांगितलंच. वूफरचं स्वतःचं धूड आत शिरतं, तेवढी जागा वजा करायला विसरू नका.

पाच हजार वॅटचं स्टिकर

मिनीडोरपासून मोठ्या एसयूव्हीपर्यंत ‘५००० वॅट पीएमपीओ’ असं लिहिलेले अॅम्प दिसतात. हिशेब करू. छोट्या गाडीचा अल्टरनेटर ७० अॅम्पिअरचा धरला, १४ व्होल्टला गुणलं, तर सगळी मिळून ९८० वॅट होतात. त्यातच हेडलाइट, एसीचा पंखा, इंजिनाचा कॉम्प्युटर. पाच हजार येणार कुठून? स्टिकरच्या कारखान्यातून. पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या शिखराचा दावा, बघायचा तो आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा आकडा. आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर ताकद दुप्पट नव्हे, दहापट लागते. म्हणून ५० वरून १०० वॅटवर उडी मारलेल्या मित्राच्या चेहऱ्यावरचा आनंद बहुतेक मनाचा असतो. वूफरच्या ठोक्याला हेडलाइट मिचकावू लागले तर ती सजावट समजू नका, बॅटरी रडते आहे.

रेडिओवाल्या गाडीची भीती

१९३० मध्ये गॅल्विन बंधूंनी मोटोरोला हा गाडीचा रेडिओ बाजारात आणला, तेव्हा अमेरिकेत काही ठिकाणी त्यावर बंदी आणायचा विचार चालला होता. ड्रायव्हरचं लक्ष उडेल आणि त्याला झोप लागेल, अशा दोन्ही तक्रारी होत्या. विशिष्ट मॉडेलच्या आतल्या आकाराप्रमाणं, डब्यासकट आखलेली साउंड सिस्टिम कारखान्यातूनच बसवून द्यायची पद्धत रुळवली ती बोस कंपनीनं, जनरल मोटर्सच्या १९८३ च्या मॉडेलांपासून.  आज शोरूममध्ये ‘प्रीमियम साउंड’च्या नावाखाली जे विकतात, त्याची सुरुवात ही.

दोन कोरड्या गोष्टी

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र. काचा बंद ठेवल्या तरी बेस बाहेर जातो, शेजाऱ्याला शब्द ऐकू येत नाहीत पण ठोका येतोच. आणि बॉक्स बोल्टनं आवळून बसवा. वडखळच्या खड्ड्यात तो डिकीत उसळला तर मागच्या सीटवरचा माणूस गाणं विसरेल. बोल्टसाठी भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून पेट्रोलची टाकी आणि सीएनजीची नळी कुठून जाते ते पाहा. विमा कंपनीलाही बसवलेलं सामान कळवून ठेवा.

मुहूर्त

मे ते भाद्रपद पेणमधल्या कसबी माणसाला हाक मारू नका, तो गणपतीत बुडालेला असतो. त्यात रायगडाचा पाऊस, तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा, रेझिनला मानवत नाही. दिवाळी होऊ द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी, ऊन माफक, आणि घासाईला हातही मोकळे मिळतात. तोवर वूफर घ्या, त्याचा कागद जपून ठेवा आणि कोनाड्याचं माप पुठ्ठ्यावर कापून बघा.